छतातला सांधा

वलवणच्या बजरंग ठोंबऱ्यांच्या, म्हणजे सगळ्यांच्या आबांच्या, हातचा सांधा सुटला, असे मावळात कोणी कधी ऐकले नव्हते. लोणावळ्याचा पाऊस चार महिने भिंतींच्या पोटात मुक्कामाला असतो. दारे फुगतात, कुलपे गंजतात, बुरशी देवघराच्या पायरीपर्यंत चढते. पण आबांनी जोडलेली तार आपल्या जागी स्वस्थ असते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या बंगल्याची भिंत फोडावी, आतून तांब्याचे सात घट्ट फेरे, त्यावर कथलाची झिलई, त्यावर तीन पदरी पट्टी निघावी, आणि नव्या पिढीच्या वायरमनने सोबत्याचा हात धरावा: “थांब. आबांचा जॉइंट हाय. त्येला धक्का नगं लावू.”

ही विद्या त्यांना शाळेने दिली नाही. भातखाचरातून उठून सोळाव्या वर्षी ते एका वृद्ध वायरमनच्या पायाशी जाऊन बसले. त्या गुरूने सहा महिने नुसती तार सोलायला लावली, पुढचे सहा महिने नुसती पिळायला. आणि एकच मंत्र दिला: तुटलेली तार ही जखम आहे, जखम उघडी टाकून जो घरी जातो, तो वायरमन नव्हे. आबांनी तो मंत्र गळ्यातल्या तुळशीच्या माळेसारखा जपला. शनिवारी मारुतीच्या देवळात पखवाज, एरवी वीज. दोन्हीकडे बोट चुकले तर क्षमा नाही, अशी त्यांची निष्ठा.

आणि अशा माणसाच्या हातून अपराध घडला, तो याच निष्ठेतून घडला. देवाची लीला म्हणा, माणसाची मर्यादा म्हणा. आपला सद्गुणच कधी कधी आपल्याला खड्ड्यापाशी नेऊन उभे करतो.

तळेगाव दाभाड्याला स्टेशनच्या अलीकडे तीन मजल्यांची एक नवी इमारत उभी राहिली. औषधे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याची. तळमजल्यावर शीतगृह, कारण काही औषधांना थंडाव्याबाहेर जीव धरवत नाही. आणि तिसऱ्या मजल्यावर कार्यालय. शीतगृहात किती अंश थंडी आहे, हे वरच्या पडद्यावर क्षणोक्षणी दिसले पाहिजे, म्हणून खालून वर एक डेटाची केबल नेलेली. इमारतीतल्या बासष्ट केबलींपैकी हीच जिवाची. विजेचे काम आबांचे होतेच. हल्ली कार्यालयांत विजेच्या बरोबरीने डेटाची केबल लागते, म्हणून ती छतातून ओढून नेण्याचे कामही त्यांच्याकडे आले. दोन्ही टोकांना जॅक बसवायचे नाजूक काम मात्र सारिकाकडे.

सारिका लोहगडवाडीची, तेवीस वर्षांची. आई रतनबाई गडाच्या वाटेवर ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालते. लेक रोज पायथ्याहून मळवलीला उतरते, तळेगाव गाठते आणि केसाएवढ्या तारांशी दिवसभर बोलत बसते. सहा महिन्यांच्या बोलीवर तिला घेतले होते. त्या शुक्रवारी सहा महिने भरत होते. कामावरचे अभियंते चिंतामणीसाहेब यांनी संध्याकाळी तिच्या कायम नोकरीच्या कागदावर सही करायची, किंवा नाही करायची.

पहिल्याच दिवशी साहेबांनी सर्वांना उभे करून नियम वाचले होते. डेटाची केबल विजेच्या केबलपासून फूटभर दूर ठेवायची. जोराने ओढायची नाही. आणि मध्ये कुठेही सांधा मारायचा नाही; कमी पडली तर पूर्ण नवी टाकायची. आबांनी मान हलवली, पण मनात म्हणाले, शेवटचा नियम ज्यांना सांधा येत नाही त्यांच्यासाठी असावा.

मंगळवारी छताच्या पट्ट्या बसवणाऱ्याचा ग्राइंडर घसरला आणि शीतगृहाची केबल मधोमध चिरली. नेमकी तळमजल्याच्या तुळईपाशी, जिथे जागा अरुंद होती आणि लिफ्टची जाड विजेची केबल अंगाला अंग लावून चालली होती. केबलचे खोके संपलेले. नवे गुरुवारी यायचे. छत मात्र त्याच दुपारी बंद करायचे. आबांनी वर पाहिले. जखम दिसली. जखम उघडी टाकून घरी जाणे त्यांना ठाऊक नव्हते.

त्यांनी केबल सोलली. आत आठ बारीक तारा, चार जोड्यांत गुंफलेल्या, प्रत्येक जोडीला आपापला पीळ. आबांनी त्या वीतभर उलगडल्या, सरळ केल्या, रंगाला रंग जुळवला, एकेक तार स्वतंत्र जोडली, कथील दिले, पट्टी दिली. असा देखणा सांधा त्यांनी आयुष्यात बांधला नव्हता. छोट्या टेस्टरचे आठही हिरवे दिवे लागले. आबांनी मारुतीरायाचे नाव घेतले आणि छताची पट्टी लावून टाकली. कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यांना त्यात काही वाटलेच नाही.

शुक्रवारी सकाळी अकराला चिंतामणीसाहेब जिन्यावरून धावत खाली आले.

“शीतगृहाचा आकडा वर टिकत नाहीये! चार अंश दिसतात, मग नुसत्या रेघा. पुन्हा चार, पुन्हा रेघा. सारिका, टोक तूच बसवलंस ना?”

“व्हय सर, दोन्ही.”

“दुसऱ्या मजल्यावर तारांच्या रंगांची अदलाबदल कोणी केली होती?”

“मीच. एकदाच. आन् शोधली बी मीच.”

“एकदा झालं ते दोनदा होऊ शकतं. केबली तपासणाऱ्या अश्लेषा मॅडम चार वाजता मोठं मशीन घेऊन मुंबईहून येतायत. त्यांच्यासमोर मला ही लाइन सरळ हवी. नाहीतर...” साहेबांनी हातातली फाइल वर केली. “या कागदावर मी सही कशी करू, तूच सांग.”

ते वर गेले. सारिका शीतगृहाच्या दाराशी मांडी घालून बसली, जॅक उघडला आणि केबलचे टोक दोन बोटे कापून टाकले. कापलेला तुकडा टक्कन फरशीवर पडला. आबा विजेरी धरून शेजारी उभे राहिले.

“दिवे तर सगळे लागत्यात,” आबा म्हणाले. “आठच्या आठ. मग अडतंय कुटं?”

“दिवा एवढंच सांगतो आबा, की तार तुटली न्हाई. पल्याडच्याला नीट ऐकू गेलं का, ते न्हाई सांगत.”

“विजेला वाट घावली की ती जाती बघ. इचारत न्हाई.”

“वीज अडाणी हाय तुमची.” ती हसली, पण हात थांबला नाही. “पंख्याला वाईच कमी आली तरी तो फिरतोय. हिचं तसं न्हाई. हितं एका सेकंदात कोट्यवधी येळा बारीक खुणा जात्यात. एक जरी पुसली तरी सगळं परत सांगावं लागतं. तुमी देवळात पखवाजावर बसलाय आन् शेजारी कुणी डीजे लावला, तर बुवांचा अभंग तुमाला कळंल का?”

“त्येच्या डीजेची वायर काढीन मी.”

“हितं लिफ्ट हाय, एसी हाय, त्येंच्या वायरी कोण काढणार? म्हणून ह्यो पीळ.” तिने एक जोडी नखाने उचलून विजेरीसमोर धरली. “दोघी तारा एकमेकीभोवती फिरत्यात. भायेरचा गोंगाट हिच्यावर जेवढा बसतो तेवढाच तिच्यावर. पल्याडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, गोंगाट आपोआप फिटतो. पीळ सुटला की संपलं. म्हणून मी जॅकपाशी अर्ध्या इंचाच्या वर उलगडत न्हाई.”

अर्धा इंच. त्यांनी वीतभर उलगडले होते.

सारिकाने मान वर केली. “आबा, मधी कुटं जॉइंट तर न्हाई ना?”

प्रश्न साधा होता. तिच्या मनात संशयही नव्हता. आबांच्या तोंडात खरे उत्तर आले होते. पण त्याआधी तीस वर्षांची कीर्ती धावत आली, लोणावळ्याचे बंगले आले, मान डोलवणारे वायरमन आले, आणि सर्वांनी मिळून खऱ्याला मागे ढकलले.

“न्हाई,” आबा म्हणाले.

“मग टोकच आसंल.” तिने जॅक ठोकून बसवला.

वरून साहेबांचा फोन आला. तिने तो फरशीवर ठेवून आवाज मोठा केला. “आली... चार अंश. छान. थांब.” कार्यालयाचे लाकडी सामान वर चढवायला मजूर लिफ्टमध्ये शिरले. भिंतीआड यंत्र घुमू लागले. “गेली! रेघा.” यंत्र थांबले. “आली परत. हे काय चाललंय, सारिका?”

तिने ओठ दाबला आणि दुसऱ्यांदा कापले.

भिंतीतून बाहेर आलेली केबल आधी हातभर होती. आता आखडत चालली. आबा त्या लांबीकडे बघत होते. जॅकच्या पेटीत जेमतेम पोचेल एवढी उरली की संपले. मग टोक नवे करायला तार उरणार नाही आणि दोष कायमचा तिच्या माथी. दुसरा जॅक बसला. फोनमध्ये साहेब म्हणाले, “आली.” भिंतीआड लिफ्ट घुमली. “गेली.” लिफ्ट थांबली. “आली.”

आबांचे कान पखवाजाचे होते. लय चुकली तर देवळाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखणारे. त्यांना आता तिसऱ्या आवर्तनाची गरज नव्हती. लिफ्ट आणि रेघा एकाच मात्रेवर येत होत्या. आणि लिफ्टची केबल छतात कोणाच्या अंगाला लागून जाते, हे या इमारतीत एकाच माणसाला माहीत होते. त्या एका वीतभर जागेत पिळाचे चिलखत काढून तारा उघड्या केल्या होत्या, त्याही शत्रूच्या अगदी दाराशी. आबांचा सर्वांत देखणा सांधाच हा दोष होता.

“आबा, उजेड खाली धरा की. कुटं बघताय?”

“दमलो वाईच.”

तिने तिसऱ्यांदा कापले. फरशीवर तीन तुकडे झाले. बाहेर चार बोटे केबल उरली. तिच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला होता, आणि ती स्वतःशीच रंग म्हणत होती, जशी आपण आजारी माणसाच्या उशाशी नामावळी म्हणतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा...

अहो, नरक काही दुसऱ्या लोकी नाही. आपल्या चुकीची शिक्षा दुसऱ्याने भोगावी आणि आपण विजेरी धरून उभे राहावे, याहून वेगळा नरक कोणत्या पुराणात वर्णिलेला आहे? आबा मनात म्हणत होते, चार वाजता मॅडमचं मशीन येईल. मशीनच काय ते सांगेल. मग मला सांगावं लागणार नाही. मारुतीराया, मशीन लवकर धाड.

सव्वातीनला चिंतामणीसाहेब खाली आले. फोन कानाला होता. “बरं मॅडम... नाही, समजू शकतो... सोमवारी.” त्यांनी फोन ठेवला. “घाटात टँकर उलटलाय. खंडाळ्याच्या वर गाडी हलत नाही. अश्लेषा मॅडम आज येत नाहीत.”

सारिका उभी राहिली. “मग सोमवारी मशीन लावूनच ठरवू की, सर.”

“मला आज संध्याकाळी वर कळवायचंय. तीनदा टोक बदललंस, तीनदा तेच. मी तरी काय समजू?” ते क्रूर नव्हते, त्यांचा आवाजही पडला होता. “राग मानू नकोस. तुझ्यात जिद्द आहे, पण हात अजून बसलेला नाही. हे बजरंगराव बघ. तीस वर्षं. एक तक्रार दाखव यांची. असा माणूस असला की मला रात्री झोप लागते.”

खाली वाकून सारिकाने तीन तुकडे उचलले, खिशात टाकले आणि अवजारांची पिशवी आवरायला घेतली. कात्री. पक्कड. जॅक ठोकायचे हत्यार. एकेक वस्तू ती अशी ठेवत होती, जणू उद्या ती दुसऱ्याच्या हाती जायची आहे.

आता मशीन येणार नव्हते. देवाने तो दरवाजा बंद केला होता, आणि दुसरा एकच उघडा ठेवला होता. तो आबांच्या तोंडाचा.

“पिशवी बंद करू नगं,” आबा म्हणाले.

ते कोपऱ्यात गेले. शिडी उचलली, तुळईखाली आणून टेकवली आणि चढले. त्यांनी छताची पट्टी सरकवली, आत हात घातला आणि काळी, गुळगुळीत, तीन पदरी गाठ उजेडात ओढून धरली.

“सायेब, ह्यो बघा. मंगळवारी ग्राइंडर लागून तुटली. मी जॉइंट मारला. पीळ उलगडून, वीतभर. लिफ्टच्या केबलीला चिकटून. पोरीचं टोक चांगलंय. तिन्ही येळा चांगलं हुतं.”



“तुम्ही?” साहेब म्हणाले. “अहो, पण नियम वाचून दाखवला होता मी!”

“ऐकला हुता. माझ्यासाठी न्हाई वाटला.”

“बजरंगराव, बासष्ट लायनी ओढल्यात तुम्ही इथे. आता बाकीच्या कशाच्या भरवशावर घेऊ?”

“भरवशावर घेऊ नगा. सगळं छत उघडून दावतो. माझ्या हातानं, माझ्या येळेत.”

“आणि यापुढे डेटाचं काम तुमच्याकडे नाही. विजेचं तेवढं करा. आणि हे मला लिहून द्यावं लागेल, तुमच्या सहीनं.”

“देतो.”

आबांना वाटले होते, आता सारिका हसेल, किंवा रडेल, किंवा पाया पडायला येईल आणि आपल्यालाच संकोच होईल. ती शिडीपाशी आली, खिशातून ते तीन तुकडे काढले आणि आबांच्या पायाखालच्या पायरीवर ओळीने मांडले.

“इचारलं हुतं मी तुमाला,” ती म्हणाली. “त्येच्यामागं दोनदा कापलं. दोन्ही येळा तुमी हितंच उजेड धरून हुता.”

आबांनी कित्येक कीर्तने ऐकली होती, पण उभ्या जन्मात इतके नेमके निरूपण कानी पडले नव्हते. त्यांनी मान खाली घातली. “व्हय,” एवढेच म्हणाले.

सारिका साहेबांकडे वळली. “सर, कागद.”

“हो, हो. सोमवारी नक्की...”

“सोमवारी न्हाई. आज.”

साहेब क्षणभर चपापले. “लाइन चालू कर. लगेच करतो सही.”

नवे खोके कालच आले होते. वेळ थोडा आणि वाट सगळी नव्याने घालायची. जुनी केबल सांध्यासकट काढली. तुळईच्या दुसऱ्या अंगाने, लिफ्टच्या केबलपासून हातभर दूर, नवी वाट धरली. सारिका खालून खोक्यातली केबल सोडू लागली आणि आबा छतात डोके घालून ती ओढू लागले. निम्म्यात ती अडली. आबांच्या दंडात तीस वर्षांची सवय होती. विजेची जाड केबल अडली की पाय रोवायचा आणि हिसका द्यायचा. हात घट्ट झाला.

“आबा!” खालून आवाज आला. “हिसका नगं. आतला पीळ ताणंल.”

हात सैल झाला. आबा उतरले, शिडी चार हात पुढे नेली, पुन्हा चढले, आणि एका खिळ्याला अडकलेली केबल दोन बोटांनी अलगद सोडवली. मग हळूहळू, झोपलेल्या लेकराच्या अंगाखालचा हात काढावा तशी, ती पुढे नेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड.

साडेपाचला सारिकाने दोन्ही टोके बसवली. ती तिसऱ्या मजल्यावर पडद्यापाशी उभी राहिली आणि चिंतामणीसाहेबांना म्हणाली, “सर, तुमी लिफ्टमधी बसा.”

“मी?”

“मजूर घरी गेले. खाली-वर करत ऱ्हा. मी थांबा म्हणंपर्यंत.”

अभियंते लिफ्टमध्ये शिरले. दार मिटले, यंत्र घुमले. आबा तळमजल्यावर उभे होते, फोन कानाला. एक फेरी. “चार अंश,” सारिका म्हणाली. दुसरी फेरी. “चार.” पाचवी, सहावी. आठव्या फेरीला लिफ्टमधून साहेबांचा हताश आवाज आला, “अगं, पुरे का आता?” “अजून दोन, सर.” दहाव्या फेरीलाही आकडा जागचा हलला नाही.

साहेबांनी लिफ्टच्या दारालाच फाइल टेकवून सही केली. सारिकाने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि पिशवीत हत्यारांच्या खाली ठेवला.

ती खाली आली तेव्हा आबा दुसऱ्या पट्टीखाली शिडी लावत होते.

“रागावलीस, पोरी?”

“व्हय. लय.”

“मग?”

“मग काय? गाडी गाठायचीय मला.” ती दारापर्यंत गेली आणि वळली. “सोमवारी येते. तवर निदान वीस लायनी तपासून ठिवा. सापडंल ते लिहून ठिवा. आन् ह्या येळी खरं लिवा.”

आबांनी मान हलवली. एकसष्ट लायनी उरल्या होत्या. ते शिडी चढले आणि पट्टी सरकवली.